पुस्तकातली जीप

दाजींची जीप माझ्या हातून बंद पडली. ही गोष्ट नऊ वर्षं मी लोकांना अर्धीच सांगत आलो. "घाटात इंजिन गरम झालं, आसपास पाणी नव्हतं, जाम झालं." यातलं 'आसपास पाणी नव्हतं' हे खोटं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गोटीराम. मखमलाबादला त्यांची चार एकर जमीन. झेंडू, टोमॅटो, मेथी-कोथिंबीर. टोमॅटो भरायला तेव्हा बांबूच्या पाट्या लागत. त्या पेठच्या पुढच्या पाड्यांवर विणल्या जात आणि तिथवर धड रस्ता नव्हता. म्हणून चौऱ्याहत्तर साली देवळालीच्या लष्करी लिलावातून दाजींनी ही जीप घेतली. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. ती निघाली की अर्ध्या गावाला कळायचं. मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. सुट्टीच्या दिवशी पाट्या मोजायला म्हणून त्यांच्याबरोबर जायचो. ते मला जयराम म्हणत नसत, 'लायब्ररी' म्हणत. गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं, नांगरटीच्या रानात, जिथे मी कोणाला धडकणार नव्हतो.

पंचाण्णव साली त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ऐन तोडणीत पाट्या संपल्या. मी म्हटलं, मी आणतो. जाताना सगळं ठीक झालं. येताना सावळघाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला. सीटमागे टांगलेला पाण्याचा कॅन मी निघताना तपासला नव्हता. तो रिकामा होता. एका वळणावर घर लागलं. अंगणात हळदीचा कार्यक्रम, पंधरा-वीस बायका, आणि ओळीनं मांडलेले भरलेले हंडे. मी गाडी थांबवली. कॅन हातात धरून गाडीतच बसलो. कोणीतरी आपणहून विचारील असं वाटलं. कोणी विचारलं नाही. बायकांच्या घोळक्यात जाऊन पाणी मागायचं म्हणजे काय म्हणून मागायचं, सुरुवात कुठल्या शब्दानं करायची, याची मनात जुळवाजुळव करत दहा मिनिटं गेली. मग एक मुलगी माझ्याकडे बोट दाखवून हसली आणि मी गाडी सुरू करून निघालो. दोन वळणांनंतर इंजिन कायमचं थांबलं.

ट्रॅक्टरनं ओढून आणलेली जीप पाहून दाजी एवढंच म्हणाले, "माणूस आला ना नीट? मंग झालं." ती शेडमध्ये उभी राहिली. नव्या इंजिनाचे पैसे जमेपर्यंत प्लास्टिकचे क्रेट आले, पाट्या लागेनाशा झाल्या. साखरेनं दाजींची नजर कमी होत होत दोन हजार साली पुरती गेली. मला राहून राहून वाटायचं, नजर होती ती चार-पाच वर्षं त्यांना गाडी चालवता आली असती. ती मी खाल्ली.

बंद जीपला ते दर दसऱ्याला स्वतःच्या हातानं झेंडूचा हार घालत. दिसेनासं झाल्यावरसुद्धा. चाचपडत शेडमध्ये जात, हार घालत, बॉनेटवर दोन थापा मारत. ते पाहायला नको म्हणून मी दसऱ्याला त्यांच्याकडे उशिरा जायला लागलो होतो.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात रविवार कारंज्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला त्या जीपचं लष्करी मॅन्युअल मिळालं. मलपृष्ठ फाटलेलं, पण आकृत्या शाबूत. त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक नटाला जागा. आयुष्यभर पुस्तकं जागेवर लावणाऱ्या माणसाला असं काही दाखवू नये. निवृत्तीची एक ठेव मुदतीआधी मोडली.

"अहो, पण दाजींना विचारलंत का?" मंजुषा, माझी पत्नी, म्हणाली.

"त्यांना अचानक द्यायचीय. दसऱ्याला."

"विचारायची भीती वाटते म्हणा की."

तिचं बरोबर असलं की मी पुस्तक उघडतो.

अक्काला, म्हणजे बहिणीला, मात्र सांगावं लागलं. तिनं दाजींना थाप मारली की शेडचे पत्रे बदलायचेत, जीप शेजारच्या मळ्यात ढकलून ठेवलीय. आणि टेम्पोत घालून ती पेठ नाक्याजवळ झुंबर मिस्तरीच्या गॅरेजात आली.

झुंबर मिस्तरी पन्नाशीचा, काडीसारखा, कायम एक डोळा बारीक करून बघणारा. त्यानं जीपभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "सर, चालवायची का नुसती बघायचीय?"

"दोन्ही. पण पुस्तकाप्रमाणे." मी मॅन्युअलच्या झेरॉक्सची फाईल पुढे केली. त्यानं हात पुसून ती घेतली, दोन पानं उलटली आणि तिच्यावर पाना ठेवला. फाईलची जागा पुढचे पाच महिने तीच राहिली.

"पुस्तकाप्रमाणं म्हंजे पेट्रोल इंजिन. हे डिझेलचं हाय. बोअर करून मिळंल की चालू. निम्म्या खर्चात."

"नको. मूळचंच हवं."

"गाडी कोणाची?"

"दाजींची."

"मंग त्यांना विचारा ना, काय पायजे. मालक एक न् पैसे देणारा दुसरा, असल्या कामात मिस्तरी मरतो बघा."

मी म्हटलं, त्यांना दिसत नाही. हे उत्तर होतं की काय कोण जाणे, पण त्यानं बॉनेट उघडलं.

त्या पाच महिन्यांत मला घरी बसवेना. सकाळी वाचनालय, मग शहर बस, मग पेठ नाका. झुंबर काम करायचा, मी स्टुलावर बसून आकृती आणि गाडी ताडून पाहायचो. मधूनच उठायचो, पुन्हा बसायचो. एकदा मी घसा खाकरून म्हटलं, "मिस्तरी, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीसारखे फिरवलेत तर तुटतील."

"सर, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपास्नं ठावं हाय," तो चाकाखालून म्हणाला. "पण सांगितलंत ते बरं केलंत. पुस्तकावरचा माझा भरवसा वाढला."

गॅरेजातली दोघं-तिघं हसली. मीही हसलो, आणि पुढचे आठ दिवस काही बोललो नाही.

झुंबरची एक रीत होती. काढलेला प्रत्येक जुना भाग तो गिऱ्हाइकासमोर धरायचा. "हे बघा. हे निघालं. न्यायचं का टाकायचं?" मी आकृतीत बघायचो. पुस्तकात असेल तर ठेवा, नसेल तर टाका. स्टिअरिंगला घट्ट गुंडाळलेली सुतळी पुस्तकात नव्हती. टाका. सीटमागचा कॅनचा हूक नव्हता. टाका. गिअरच्या दांड्यावर एक ओबडधोबड लाकडी मूठ होती, पुस्तकात काळी गोल होती. टाका. समोर, शेजारच्या सीटपुढे, वखराच्या पासेचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, तुकडा वाकवून वेल्डिंग केलेला एक कुरूप दांडा होता.

"हा काय, बसणाऱ्याला धरायला. लय मजबूत काम हाय," झुंबर म्हणाला. "ऱ्हाऊ द्यायचा?"

मी फाईल चाळली. "नाही. टाका."

तो क्षणभर माझ्याकडे बारीक डोळ्यानं बघत राहिला. मग त्यानं कटर चालू केला.

इंजिन मालेगावहून मिळालं. डिझेलचं जुनं इंजिन भंगारवाल्यानं हातगाडीवर घालून नेलं. गणपती गेले, पितृपक्ष लागला, तरी वायरिंग अपुरं. अक्काचा फोन यायचा, "अरे जयराम, हे रोज इचारत्यात, पत्रे झाले का म्हणून. मी किती खोटं बोलू?" मला वाटायचं, सोडून द्यावं. ज्या माणसाला एक कॅन पाणी मागता आलं नाही त्यानं ही भानगड करायलाच नको होती. मग पुन्हा सकाळ व्हायची, मी बस पकडायचो.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती सुरू झाली. गर्द हिरवी, पुढची काच आडवी दुमडणारी, अगदी मुखपृष्ठावरच्यासारखी. झुंबरनं आग्रह करून मलाच चालवायला लावली. दसऱ्याच्या सकाळी मी ती मखमलाबादला घेऊन गेलो. रस्त्यात लोक वळून बघत होते. साठी ओलांडल्यावर मला पहिल्यांदाच कोणी वळून बघत होतं.

अक्कानं दाजींचा हात धरून त्यांना अंगणात आणलं. धुतलेलं धोतर, टोपी, हातात हार.

"जीप आली बरं का जाग्यावर," ती म्हणाली.

दाजींनी हात पुढे केला. बॉनेटला बोटं लागली आणि तिथेच थांबली. ते पुढे सरकले. दरवाजाच्या जागेतून आत हात घालून स्टिअरिंग धरलं, सोडलं. गिअरची मूठ चाचपली. वाकून शेजारच्या सीटपुढे हवेत हात फिरवला, दोनदा. मग सरळ उभे राहिले.

"चांगली हाय. कोणाची?"

"दाजी, आपलीच," मी म्हटलं. "पूर्ण नीट केली. चालू करून दाखवतो." आणि मी घाईघाईनं आत बसून ती सुरू केली.

ते मान कलती करून ऐकत राहिले. "शिलाई मशीनवानी वाजती," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, अगदी मऊ आवाजात, "लायब्ररी, आमची इकली का रे? इकली असंल तर तसं सांग. मी काय म्हणत नाय."

मी शपथ घेतली. अक्कानंही घेतली. "बरं, बरं," ते म्हणाले, जसं लहान मुलाला म्हणतात. आणि हार घेऊन, कोणाचा हात न धरता, ओळखीची पावलं मोजत शेडमध्ये गेले. नऊ वर्षं जिथे बॉनेट होतं तिथे हवेत हात फिरवला, बाजूच्या लाकडी खांबापर्यंत गेले आणि हार त्या खांबाला घातला.

मी अक्काच्या हातची पुरी तोंडात घालू शकलो नाही. जीप तिथेच सोडून, मिळेल त्या रिक्षानं पेठ नाक्यावर आलो. गॅरेजात पाने-पक्कडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. झुंबर नवा शर्ट घालून बाहेर बसला होता.

"सर, आज पाना उचलत नाय आम्ही."

"उचलू नका. तो टाकलेला माल कुठाय? दांडा, मूठ, हूक?"

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता उठला. टायरांच्या ढिगामागून एक पोतं ओढून काढलं. "लोखंड भंगारवाल्यानं नेलं. सुतळी जळणात गेली. लाकूड तो घेत नाय, म्हणून हे ऱ्हायलं."

लाकडी मूठ. तळहातात धरली तर माझ्या बोटांना ती बसेना. तिला चार बोटांच्या चार खाचा पडलेल्या होत्या, कोरलेल्या नव्हे, झिजून पडलेल्या. मी ती पाच महिन्यांपूर्वी पाहिली होती, हातात घेतली नव्हती.

"तुम्ही मला सांगायचं होतंत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणावर आवाज चढवला असेन.

"सांगितलं की! पयल्या दिवशी. मालकाला इचारा म्हटलं." मग तो खाली बघून म्हणाला, "खरं सांगू का, मलाबी मोह झाला. अशी पुस्तकासारखी गाडी आमच्या हातून कधी व्हती?"

दुसऱ्या दिवशी मी मखमलाबादला गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती, ती विसरलो. नुसती मूठ त्यांच्या हातात ठेवली.

त्यांची बोटं आपोआप खाचांत गेली.

"बाभळीची हाय," ते म्हणाले. "रावजी सुतारानं दिलेली. बाकीची कुठं हाय?"

"टाकली, दाजी. मी टाकायला लावली. पुस्तकात नव्हती म्हणून." आणि मग जे पाच महिन्यांपूर्वी विचारायचं होतं ते विचारलं. "तुम्हाला कशी हवी होती?"

"आता इचारतो व्हय!" ते म्हणाले आणि अचानक हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं सुले," त्यांनी अक्काला हाक मारली, "इकडं ये, लायब्ररीनं तोंड उघडलं!"

त्यांनी एकेक सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. सुतळी कुठून कुठपर्यंत. हूक सीटपासून वीतभर खाली. दांडा किती वाकवायचा ते त्यांनी माझं मनगट धरून दाखवलं.

"अन् तो दांडा कोणासाठी लावला व्हता, ठावं हाय का?"

"अक्कासाठी?"

"ती कशाला घाबरती! तुझ्यासाठी. घाटात तू माझी मांडी धरायचास. एकदा तर बिरेकवर पाय जाईना माझा. म्हटलं लायब्ररीला काय बोलायचं, रडंल. दांडाच लावून टाकला."

मी लिहिणं थांबवलं. वीस वर्षं मी तो दांडा धरून बसलो होतो, आणि तो तिथे का आहे हे कधी मनात आलं नव्हतं.

झुंबरनं सगळं पुन्हा केलं. दांड्याला पाससुद्धा जुनीच शोधली. पण डिझेलच्या इंजिनाचा आवाज मात्र परत आणता येणार नव्हता. ते कुठल्या तरी भट्टीत वितळून गेलं होतं. "ऱ्हाऊ दे," दाजी म्हणाले, "मशीन तर मशीन." पण गाडी सुरू झाली की ते अजूनही जरा मान कलती करतात, जणू त्या आवाजामागे दुसरा आवाज येतोय का बघत आहेत. ते पाहिलं की मी रस्त्याकडे बघतो.

डिसेंबरात आम्ही दोघं पेठच्या बाजूला निघालो. पाट्या आणायच्या नव्हत्या. नुसतंच. मी चालवत होतो, शेजारी दाजी, दोन्ही हातांनी दांडा धरून. पाड्यावर चहा झाला. येताना सावळघाट चढू लागलो आणि तापमानाचा काटा हलला.

मी गाडी तशीच पुढे दामटली. कॅन मागे होता, नवीन, भरलेला. पण दाजींनी नाक वर केलं. "तापली. थांबव."

मी थांबलो. कॅन काढला तर हलका. नव्या झाकणाचं वायसर मी बसवलंच नव्हतं, सगळं पाणी रस्त्याला सांडलं होतं. आणि वर बघितलं तर वळण तेच होतं. घराला आता स्लॅब पडला होता. अंगणात पाच-सहा बायका नागली पाखडत होत्या. कडेला हंडे.

"दाजी," मी म्हटलं. "त्या वर्षी मी खोटं बोललो. इथं पाणी होतं. हेच घर. मला मागता आलं नाही."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"ते तानुबाईचं घर. तिच्याकडनं पाट्या घ्यायचो मी. मागनं भेटली तव्हा म्हणाली, दादा, हळदीच्या दिवशी तुमच्या गाडीत एक चष्मेवाला येऊन बसला व्हता, कॅन वर करून दाखवायचा. आम्हाला वाटलं रॉकेल इकाया आला."

मला हसू आलं नाही. नऊ वर्षं त्यांना माहीत होतं, आणि नऊ वर्षं मी त्यांच्या ओट्यावर बसून तीच अर्धी गोष्ट सांगत होतो.

"मग तुम्ही बोललात का नाही?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत व्हतो. आता जा बाबा. गाडीबी वाट बघती."

रेडिएटरमधून वाफ येत होती. मी रिकामा कॅन घेतला आणि उतरलो. रस्ता ते अंगण तीस पावलं असतील. बायकांनी सुपं थांबवली. त्यातली सर्वांत म्हातारी, कपाळावर गोंदण असलेली, हात डोळ्यांवर धरून बघत होती. माझी जुळवलेली वाक्यं अंगणाच्या कडेलाच सांडली.

"बाई," मी म्हटलं, "गाडी तापलीय. पाणी पाहिजे."

"किती?"

थोडंसं, असं तोंडात आलं होतं. मी मागे वळून बघितलं. दाजी दांडा धरून, मान कलती करून बसले होते. ऐकत होते.

"दोन हंडे," मी म्हटलं, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.